डब्यातला चहा थांबलेला नसतो

आठव्या शतकातल्या चीनमध्ये चहा साठवायला विस्तव लागत असे. लू यू नावाच्या गृहस्थाने त्या काळी ‘चा चिंग’ हा ग्रंथ लिहिला. चहावरचा जगातला पहिला ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. चहासाठी काय काय अवजारं लागतात याची त्यात भलीमोठी यादी आहे, आणि त्या यादीत एक चमत्कारिक पेटी आहे. लाकडी चौकट, बाजूंना विणलेला बांबू, त्यावर चिकटवलेला कागद, मधे फळी, वर झाकण, बाजूला एकपाखी दार. आत एका भांड्यात राखेने झाकलेले निखारे, नुसती ऊब देतील इतकेच. यांगत्से नदीच्या दक्षिणेला उन्हाळ्याच्या तोंडावर जो चिकट, दिवसेंदिवस न हटणारा पाऊस लागतो, त्या दिवसांत या पेटीतला विस्तव वाढवावा, असंही लू यू बजावतो.

वाळलेल्या पानांच्या वड्यांसाठी शेकोटी! आपण चहाचा पुडा फोडतो, डब्यात ओततो, झाकण लावतो आणि विसरून जातो. त्या माणसाने मात्र चहाला राहायला ऊबदार खोली बांधली.

पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, 1050च्या आसपास, फूजियान प्रांतात अधिकारी असलेल्या त्साय शियांगने सोंग सम्राटासाठी चहावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की चहाला कोरडी ऊब आवडते आणि ओलसर गारठा सोसत नाही. सुगंधी द्रव्यं आणि औषधं यांच्यापासून तो लांब ठेवावा. बांबूच्या रुंद पानांत गुंडाळून दर दोन-तीन दिवसांनी त्याला शेक द्यावा, आणि तो शेक माणसाच्या अंगाइतकाच ऊन असावा. जास्त झाला तर चहा करपतो. थर्मामीटर जन्माला यायला अजून कित्येक शतकं होती, पण माप कसं नेमकं सांगितलंय पाहा. स्वतःच्या मनगटावर हात ठेवला की झालं.

हांगचौजवळच्या लोंगजिंग चहाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मडक्यात चुनकळीचे खडे कापडात बांधून ठेवायचे आणि भोवती कागदात गुंडाळलेल्या चहाच्या पुड्या रचायच्या. चुनकळी हवेतलं पाणी ओढून घेते आणि हळूहळू तिचं पीठ होतं. पीठ झालं की खडे बदलायचे. ऊब द्या नाहीतर चुना द्या, पण पाणी पानापर्यंत पोचू देऊ नका.

पाण्याचा एवढा धसका का, हे आकड्यांतून कळतं. झाडावरून खुडलेल्या चहाच्या पानात पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त पाणी असतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चहात ते जेमतेम 3 टक्के उरतं. एक किलो चहा करायला चार-साडेचार किलो हिरवा पाला लागतो, तो यामुळेच. इतकं पिळून काढलेलं पान साहजिकच तहानलेलं असतं. पावसाळ्यात पापडाचा डबा उघडा राहिला की तासाभरात पापड नरम पडतात. चहाचंही तेच होतं, फक्त चहा नरम पडल्याचं बोटांना कळत नाही. ओलावा 6-7 टक्क्यांच्या पुढे गेला की बिघाड झपाट्याने वाढतो, आणि त्याहून बराच वर गेला की बुरशीला आमंत्रण.

पण ओलावा नेमकं बिघडवतो काय? इथून खरी गंमत सुरू होते. हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा, सगळे चहा एकाच झाडाच्या पानांचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. फरक एवढाच की पानात चाललेली रासायनिक धावपळ कुणी कुठे थांबवली. पान खुडलं, दुमडलं, चुरगळलं की त्यातली एन्झाइमं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कॅटेचिन नावाच्या तुरट द्रव्यांवर काम करू लागतात. जपानी लोक खुडल्याखुडल्या पानाला वाफ देतात, चिनी लोक तापलेल्या कढईत परततात. एन्झाइमं मरतात, चहा हिरवा राहतो. काळ्या चहात ही धावपळ मनसोक्त होऊ देतात आणि मग गरम हवेने वाळवून थांबवतात. ऊलाँग मधेच कुठेतरी थांबतो. पांढरा चहा तर फक्त सुकवतात आणि वाळवतात.

आता ‘थांबवतात’ हा शब्द जरा सैलच म्हणायचा. पूर्णपणे काहीच थांबत नाही. हिरव्या चहाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. ओलावा आणि उष्णता मिळाली की पानातल्या आम्लांमुळे तो अणू निसटतो. बाकी सगळा डोलारा जागच्या जागी, फक्त मधला एक अणू गेला, आणि हिरव्याचा मळकट शेवाळी तपकिरी होतो. काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेला हिरवा चहा काही आठवड्यांत फिका दिसू लागतो तो उजेडामुळे, आणि उजेड एवढ्यावर थांबत नाही. पानात थोडी चरबीही असते. उजेड, हवा आणि ऊब मिळून ती चरबी खवट करतात, आणि त्यातून हेप्टाडाइनालसारखी द्रव्यं तयार होतात. जुन्या हिरव्या चहाला जो कुबट, बंद कपाटासारखा वास येतो त्यात यांचा मोठा हात. चहाच्या दुकानात काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या दिसल्या की मला त्या फार सुंदर वाटतात. त्यांतला चहा मी घेत नाही.

काळ्या चहाचं दुःख वेगळं. कॅटेचिनांची जोडणी होऊन त्यात थिआफ्लेविन तयार झालेलं असतं. कपातला सोनेरी-तांबूस झळाळ आणि जिभेला येणारी तरतरी बऱ्याच अंशी त्याची. साठवणीत थिआफ्लेविन हळूहळू कमी होतं, त्याची आणखी मोठी, काळपट, मंद द्रव्यं बनतात. म्हणून जुन्या चहाला रंग भरपूर येतो, पण चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. वाळवणीच्या भट्टीतून गेल्यावरही काळ्या चहात थोडी एन्झाइमं तग धरून राहतात, आणि ओलावा मिळाला की पुन्हा कामाला लागतात. कारखान्यात तीन-चार तासांत आटोपलेलं काम आपल्या फडताळात महिनोन्महिने रेंगाळत पुढे चालू असतं.

वासाचं प्रकरण तर याहून नवलाचं. चहाचं वाळलेलं पान सच्छिद्र असतं आणि शेजारचा कुठलाही वास ते ओढून घेतं. त्साय शियांगला सुगंधी द्रव्यांची भीती होती ती याचसाठी. पण फूजियानच्याच फूचौ शहरातल्या लोकांनी या दोषाचा धंदा केला. त्यांचा जगप्रसिद्ध जॅस्मिन चहा ज्या फुलाने होतो ते फूल म्हणजे आपला मोगरा. वनस्पतिशास्त्रातही तोच, जॅस्मिनम सॅम्बॅक, आणि तो मूळचा चीनचा नव्हे, आपल्याच बाजूचा.

अडचण अशी की चांगला हिरवा चहा वसंतात तयार होतो आणि मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात येतो. म्हणजे चहा आधी काही महिने निर्वास, कोरडा जपून ठेवायचा. मग उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी टप्पोऱ्या कळ्या खुडून आणायच्या. कळ्या संध्याकाळनंतर उमलतात आणि उमलतानाच त्यांचा वास सुटतो. त्या वेळी त्या चहात मिसळायच्या. रात्रभर ढीग आतून तापत जातो, तो मधे मधे पसरून निववावा लागतो. सकाळी मलूल फुलं चाळून बाहेर काढतात. चहाने वासाबरोबर फुलांतलं पाणीही प्यायलेलं असतं, म्हणून पुन्हा वाळवायचा. मग पुन्हा ताजी फुलं, पुन्हा रात्र. उंची चहाला हे सहा-सात वेळा करतात. सरतेशेवटी पुड्यात एकही पाकळी नसली तरी कपात मोगरा असतो.

हे वाचून फार दूरच्या नवलाने हुरळून जायचं कारण नाही. वेलदोडे सोलल्यावर उरलेली टरफलं चहाच्या डब्यात टाकण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. फूचौचे कारागीर आणि आपल्या आज्या, दोघांनीही पानाची एकच खोड हेरली होती. याच खोडीमुळे किराणा दुकानातून साबणाच्या वडीबरोबर एकाच पिशवीत आलेला सुटा चहा घरी येईपर्यंत बिघडलेला असू शकतो. हिंगाची डबी, उदबत्तीचा पुडा, डांबराच्या गोळ्या, मसाल्याचा डबा, यांतलं काहीही चहाच्या शेजारी नको. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला लापसांग सूचोंग कुणी भेट दिला तर त्याला वेगळ्या खोलीत हद्दपार करा. तो आपल्या शेजाऱ्यांनाही धुरकट करून सोडतो.

साठवणीला सोहळ्याचं रूप दिलं ते जपानने. क्योतोजवळच्या उजी गावचा चहा एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, शोगुनला जात असे. अंतर सुमारे 500 किलोमीटर. शोगुन तोकुगावा इएमित्सूच्या काळात, 1633 साली, या वाहतुकीची रीतसर पद्धत बसवली गेली आणि ती 1867पर्यंत, सव्वादोनशेहून जास्त वर्षं, चालली. रिकामे रांजण एदोहून निघायचे, उजीत भरले जायचे आणि पालखीच्या थाटात परत यायचे. ऐन भरात ताफ्यात हजाराच्या वर माणसं असत असं सांगतात. वाटेत समोरून सरदाराची स्वारी आली तरी तिने बाजूला व्हायचं, कारण रांजणात शोगुनचा चहा आहे. गावकऱ्यांनी रस्ते झाडून ठेवायचे आणि ताफा जाईपर्यंत शेतावर जायचं नाही. जपानी मुलं आजही म्हणतात त्या एका बडबडगीतात, ताफा येताच दारं लावून घरात लपणाऱ्या या लोकांची आठवण आहे, असं पुष्कळांचं मत आहे.

या रांजणांच्या आत पाहिलं तर बंदोबस्त आणखी भारी. सावलीत वाढवलेल्या, वाफवून वाळवलेल्या पानांना तेंचा म्हणतात. दळली की त्याचीच माचा होते. सर्वांत उंची तेंचा कागदी पिशव्यांत भरून रांजणाच्या मधोमध ठेवायचा आणि त्याच्या भोवती, खाली, वर दुसऱ्या प्रतीचा तेंचा दाबून भरायचा. थोडक्यात, चहाचं रक्षण चहानेच करायचं! बाहेरून ऊब किंवा दमट हवा शिरलीच तर तिचा मार आधी बाहेरच्या पानांनी खायचा. मग लाकडी झाकण, त्यावर कागदाचे थरावर थर, खळ आणि शिक्का. हे रांजण उन्हाळाभर थंड डोंगराळ जागी ठेवत. नव्या चहात एक कच्चा, गवताळ उग्रपणा असतो. बंद रांजणात, गारव्यात, काही महिन्यांत तो निवतो आणि चव गोलाईला येते. नोव्हेंबरात शिक्का फोडायचा समारंभ होतो आणि चहाच्या उपासकांचं नवं वर्ष तेव्हा सुरू होतं.

दळायचं मात्र पिण्याच्या आधी. पान आहे तोवर ते स्वतःला थोडंफार सांभाळतं. पीठ झालं की कणाकणाला हवा भिडते. दगडी जात्यातून तासाला जेमतेम 40 ग्रॅम माचा निघते, आणि निघाल्या क्षणापासून ती उतरणीला लागते. आज माचाचे डबे दुकानात सरसकट मिळतात. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून काही आठवड्यांत संपवता येणार नसतील तर त्यांवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या रांजणांतले काही माणसांपेक्षा जास्त मान मिळवून बसले. ‘चिगुसा’ नावाचा एक रांजण दक्षिण चीनमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात मालाच्या ने-आणीसाठी म्हणून घडवला गेला. सामान्य, तपकिरी, खांद्यावर चार कान. जपानमध्ये तो चहासाठी वापरला जाऊ लागला, सोळाव्या शतकात चहाच्या जाणकारांनी रोजनिश्यांत त्याची वर्णनं लिहिली, त्याला रेशमी जाळी आणि गोंडे शिवले गेले. आता तो वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. जुन्या क्योतोत आजही 1875 साली सुरू झालेला काइकादो हा कारखाना हाताने चहाचे डबे करतो. झाकण डब्यावर नुसतं टेकवलं की आतली हवा हळूहळू बाहेर ढकलत ते आपल्याच वजनाने खाली उतरत बसतं. मोजमाप इतकं बिनचूक.

इथवर सगळं सरळ आहे: हवा नको, उजेड नको, ओल नको. आणि मग चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर चहा येतो आणि सगळे नियम उलटे करून ठेवतो.

पु-अरची पानं कढईत परततात, पण हात राखून, आणि मग भट्टीत न वाळवता उन्हात वाळवतात. त्यामुळे पानातलं सगळंच जीवन संपत नाही. मग वाफ देऊन दाबून त्यांच्या गोल चकत्या करतात. परंपरेने चकती 357 ग्रॅमची, आणि अशा सात चकत्या बांबूच्या सालीत बांधल्या की अडीच किलोला एक ग्रॅम कमी असा गठ्ठा तयार. हा गठ्ठा हवाबंद डब्यात कोंडला तर त्याचं वाढणं खुंटतं. त्याला श्वास घेणारी बांबूची साल हवी, कागद हवा, मध्यम दमटपणा हवा आणि वर्षं हवीत. दहा, वीस, तीस. सूक्ष्मजीव आणि ऑक्सिजन मिळून तुरट, कडवट पानाचं रूपांतर गडद, मऊ, जंगलातल्या ओल्या मातीच्या वासाच्या चहात करतात. एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या दोन चकत्या घ्या. एक हाँगकाँगच्या दमट गोदामात ठेवा, दुसरी कुनमिंगच्या कोरड्या पठारावर. वीस वर्षांनी ते दोन वेगळे चहा असतात. चहा कुठल्या बागेतला, हे विचारतात तसं इथे चहा कुठल्या गोदामातला, हेही विचारतात. इतकं थांबायला सगळ्यांना वेळ नसतो, म्हणून 1973 साली कुनमिंगमध्ये पानांचे ओले ढीग लावून काही आठवड्यांतच हा पालट घडवण्याची रीत बसवण्यात आली.

चीनच्या हुनान भागात तर फू नावाच्या चहाच्या विटा होतात. वीट फोडल्यावर आत बारीक पिवळे ठिपके दिसले पाहिजेत. त्यांना सोनेरी फुलं म्हणतात. ती एका विशिष्ट बुरशीची वाढ असते, आणि जितकी दाट तितकी वीट चांगली. आपल्या डब्यात बुरशी दिसली तर मात्र कौतुक न करता चहा फेकून द्यावा. ती बुरशी वेगळी, तिला कुणी बोलावलेलं नसतं.

या टोकांच्या मधे बरेच स्वभाव आहेत. वूयीच्या डोंगरातला कोळशावर भाजलेला ऊलाँग भट्टीतून आल्याआल्या पिऊ नये, त्यातली आग निवायला काही महिने द्यावे लागतात. तैवानचा गोळीदार ऊलाँग निर्वात पुड्यात छान राहतो, कारण गच्च वळलेल्या गोळ्यांना हवेचा दाब सोसतो. पांढऱ्या चहाची मोकळी, फुलासारखी पानं तशीच कोंडली तर चुरा होतो. दार्जिलिंगचा मार्चमधला पहिला तोडा नावाला काळा चहा, पण तो पुरता ऑक्सिडाइझ झालेला नसतो, रंगाने आणि गंधाने हिरव्याकडे झुकतो. त्यामुळे टिकतोही हिरव्यासारखाच, म्हणजे थोडा. महाग म्हणून दिवाळीसाठी राखून ठेवाल तर दिवाळीत साधा चहा प्याल.

आता आपला रोजचा चहा. आपण पितो तो बहुतेक सीटीसी, म्हणजे दातेरी रोळांमधून चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. हे यंत्र आसामात 1930च्या सुमारास विल्यम मॅकर्चरने काढलं. दाणा जितका बारीक तितका हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे रंग झटकन उतरतो आणि गंधही झटकन उडतो. आपल्या कपात आलं, दूध, साखर आणि उकळी असते, म्हणून उडालेला गंध आपल्याला फारसा जाणवत नाही. तरतरी गेलेली मात्र जाणवते, आणि तेव्हा आपण चहाची कंपनी बदलतो. बदलायला हवी असते डब्याची जागा.

ती जागा बहुतेक घरांत गॅसच्या वर किंवा अगदी शेजारी असते. हाताशी असावा म्हणून. दिवसातून चारदा वाफ, चारदा उष्णता. भरीला साखरेत फिरून आलेला ओलसर चमचा. कोकणात आणि मुंबईत जुलैच्या हवेत हे फारच लवकर भोवतं. पुडा फॉइलचा असेल तर चहा ओतू नका, पुडाच तोंड घट्ट दुमडून डब्यात ठेवा. डबा स्टीलचा असो वा पत्र्याचा, झाकण घट्ट हवं आणि डबा जवळजवळ भरलेला हवा, कारण रिकाम्या जागेत हवाच भरते. तळाच्या जुन्या चहावर नवा ओतू नका. रोजचा काळा चहा फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. हिरवा ठेवलात तर बंद पुड्यातच ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पुडा खोलीच्या हवेइतका होईपर्यंत उघडू नका. थंड पानावर हवेतलं पाणी दहिवरासारखं बसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. किलोचा पुडा स्वस्त पडतो हे खरं, पण दोघांच्या घरात पावकिलोच घ्यावा. वेलदोड्याची टरफलं टाकायची असतील तर ती आधी खडखडीत वाळू द्या, आणि आठवड्याभराचा चहा वेगळ्या डबीत काढून त्यात टाका. घरात कुणी ना कुणी बिनवेलचीचा चहा पिणारं असतंच.